सिमँटिक नेटवर्क: गोल आणि बाण काढून झाले, आता त्यातून तर्क कसा करायचा?

डिचोलीचा_मास्तर
नमस्कार मंडळी. मी डिचोली भागात उच्च माध्यमिकला कॉम्प्युटर शिकवतो. यंदा एआयचं थोडं शिकवायचंय आणि त्यात नॉलेज रिप्रेझेंटेशन, म्हणजे मशीनच्या पोटात ज्ञान मांडायचं कसं हा भाग आहे. त्यातलंच सिमँटिक नेटवर्क, म्हणजे गोलांत वस्तू आणि बाणांवर त्यांची नाती असं जाळं. पुस्तकांत उदाहरणाला सगळीकडे तोच कॅनरी पक्षी आणि तोच पेंग्विन, आता आमच्या पोरांनी कॅनरी कुठे बघितलाय? म्हणून मी मासळीबाजार घेतला. मासा, बांगडा, इसवण, मोरी (शार्क), सुंगटं (कोळंबी), तिसऱ्या (शिंपले), निवटी असे गोल काढले, मध्ये "आहे", "असतो", "राहतो" असे बाण. फळ्यावर झकास दिसतं हो, पण वर्गातली एक पोर म्हणाली सर हे चित्र झालं, ह्यात मशीनने विचार कुठे केला? तिला समाधान होईल असं उत्तर द्यायचंय. शिवाय अपवाद कसे दाखवायचे तेही सांगा, कारण निवटी पाण्याबाहेर चिखलावर उड्या मारते आणि माझं नेटवर्क सांगतं मासा पाण्याबाहेर जगत नाही. आणि शेवटचं म्हणजे आजच्या चॅटबॉटच्या काळात हे शिकवण्यात अर्थ आहे का? खरं काय ते सांगा, बरं वाटावं म्हणून नको.

तर्कटराव
मास्तर, तुमची विद्यार्थिनी भारी आहे. विल्यम वुड्सने १९७५ ला साधारण हाच प्रश्न विचारला होता, की बाबांनो तुम्ही बाण काढता खरे पण त्या बाणाचा अर्थ काय हे कोण ठरवतं?

थोडं मागे जातो. यंत्राने भाषांतर करताना दोन भाषांच्या मध्ये काहीतरी मांडणी लागते म्हणून रिचर्ड रिचेन्सने १९५६ मध्ये सिमँटिक नेट हा प्रकार सुचवला. मग रॉस क्विलियनने साठच्या दशकात ते मोठ्या प्रमाणावर केलं, शब्दांच्या अर्थाचं जाळं आणि त्यावर चालणारा प्रोग्रॅम. तो दोन शब्द घ्यायचा, दोन्हीकडून बाणाबाणाने पसरत जायचा, आणि दोन लाटा जिथे भेटतील तो नोड (म्हणजे गोल) हाच त्या दोन शब्दांमधला दुवा. इथे मशीनने "विचार" केला म्हणायचं असेल तर तो त्या पसरण्यात आहे, गोलात नाही.

पोरीला एवढंच सांगा की चित्रात तर्क नसतोच. चित्र म्हणजे डेटा. तर्क म्हणजे "प्रकार ह्या बाणावरून वर चढ आणि वरचा गुणधर्म खाली आण" हा नियम, तो कुणीतरी कोडमध्ये लिहावा लागतो. बांगड्याला कल्ले असतात हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नसतं, तुम्ही लिहिलेलं असतं (बांगडा, प्रकार, मासा) आणि (मासा, अवयव, कल्ले), गोल-बाण-गोल अशी ही त्रिकुटं. तिसरं वाक्य मशीनने काढलं. बाणाचं नाव "प्रकार" ऐवजी "ढबू" ठेवा, मशीनला काडीचा फरक पडत नाही, नियम तोच चालतो. आपण मराठी नाव वाचतो आणि मशीनलाही ते कळलं असं धरून चालतो, घोटाळा तिथून सुरू होतो.

काणकोणची_सई
तर्कटबाबना मोदक 😀 आता मास्तरांच्या "आहे" ह्या बाणाबद्दल, कारण माझ्या रोजच्या कामात (बंगळूरला डेटा मॉडेलिंग करते, घर काणकोण) अर्ध्याहून जास्त भांडणं ह्या एका बाणावरून होतात.

तुमच्याकडे बहुतेक असं असणार:
माझ्या ताटातला बांगडा → आहे → बांगडा
बांगडा → आहे → मासा
बांगडा → आहे → प्रजाती

आता वर चढायचा नियम लावा. ताटातला बांगडा मासा आहे, बरोबर. ताटातला बांगडा प्रजाती आहे, हे काय?? तळलेली प्रजाती?

कारण तीन बाण तीन वेगळे आहेत. पहिला "अमुक वस्तू ह्या वर्गातली", दुसरा "हा वर्ग त्या वर्गाच्या पोटात", तिसरा म्हणजे वर्गाबद्दलच बोलणं, आतल्या एकेकाबद्दल नाही. बाजारात बांगड्याचा तुटवडा आहे म्हणताना आपण एकेका बांगड्याबद्दल बोलत नसतो ना. रॉन ब्रॅकमनने १९८३ मध्ये ह्या एका "आहे" च्या किती छटा निघतात त्याची यादीच केली होती. विकिडेटामध्ये (विकिपीडियावाल्यांचा सगळ्यांना खुला माहितीसाठा) म्हणून पहिल्या दोघांना वेगळे बाण दिलेत, तरी लोक रोज घोळ घालतातच ते सोडा. वर्गात एवढं जरी पोरांना वेगळं काढता आलं ना मास्तर, तरी कोर्स वसूल.

आणि सुंगटं-तिसऱ्या मासा नाहीत हो. बाजारात एकाच पाटीत असतात म्हणून "बाजारातली मासळी" असा वेगळा वर्ग करा आणि "मासा" जीवशास्त्राचा ठेवा. सुंगटं पहिल्यात, दुसऱ्यात नाही. इसवण दोन्हीत. एका नोडला दोन आईबाप असले तर बिघडत नाही, झाड नाहीये ते, जाळं आहे.

रापणकार
सुंगटं मासा नाही म्हणताय, हे आमच्या घरी जेवताना बोलू नका 😂

मडगांवची_मंदा
मी सायकॉलॉजीवाली, जरा नाक खुपसते. हे जाळं फक्त कॉम्प्युटरसाठी नव्हतं, माणसाच्या डोक्यात असंच असेल का हेही तपासलं गेलं. कॉलिन्स आणि क्विलियन, १९६९. लोकांना वाक्यं दाखवायची आणि खरं की खोटं बटण दाबायला लावायचं. "कॅनरी गातो" ला कमी वेळ, "कॅनरी उडतो" ला थोडा जास्त, "कॅनरीला त्वचा असते" ला अजून जास्त, कारण म्हणे पक्षी आणि प्राणी असं एकेक पायरी वर चढून जावं लागतं. एका पायरीला साधारण ७५ मिलिसेकंद असा त्यांचा हिशेब होता.

ऐकायला फारच गोड, पण पुढे फाटलं. १९७३ च्या सुमाराला रिप्स आणि मंडळींनी दाखवलं की "कुत्रा प्राणी आहे" ला लोक "कुत्रा सस्तन आहे" पेक्षा लवकर हो म्हणतात, आता पायऱ्यांच्या हिशेबाने उलटं व्हायला हवं होतं कारण सस्तन जवळची पायरी. मग १९७५ मध्ये कॉलिन्स आणि लॉफ्टसने पायऱ्या सोडल्या आणि कमी-जास्त जवळिकीचं, लाट पसरत जाणारं जाळं मांडलं. मास्तर, वर्गात हे करून बघता येईल, मोबाईलवर स्टॉपवॉच नको, साधा प्रोग्रॅम लिहून घ्या पोरांकडूनच. बांगडा मासा आहे आणि निवटी मासा आहे ह्या दोघांना लागणारा वेळ मोजा, मला वाटतं निवटीला मुलं अडखळतील.

तर्कटराव
मंदाताई बरोबर. फक्त एक, माणसाचं डोकं तसं चालत नाही म्हणून मशीनने तसं करू नये असं नाही. मशीनसाठी पायऱ्या फायद्याच्याच, गुणधर्म एकदाच वर लिहायचा आणि खाली सगळ्यांना फुकट.

आता निवटी. साधा उपाय म्हणजे "जवळचं सांगणं लांबच्यापेक्षा मोठं". निवटीवर लिहिलंय की पाण्याबाहेर काही वेळ जगते, मासा ह्या नोडवर लिहिलंय जगत नाही, निवटीचं विचारलं तर आधी निवटीकडे बघा, तिथे उत्तर मिळालं की वर जाऊच नका. (खरंच जगते, ओल्या त्वचेतून आणि तोंडाच्या आतून श्वास घेते, चोडण बेटावर खारफुटीत ओहोटीला जाऊन बघा.) ह्याला डिफॉल्ट म्हणतात, आडवं काही आलं नाही तोवर धरून चालायचं असं ज्ञान. शाळेतल्या तर्कशास्त्रात असं चालत नाही, तिथे एकदा सिद्ध झालं की झालं, नवीन माहिती आली म्हणून जुना निष्कर्ष मागे घेता येत नाही. रेमंड रायटर ह्या संशोधकाने १९८० मध्ये डिफॉल्टचं वेगळं लॉजिक बांधलं ते ह्यासाठीच.

पण "जवळचं" म्हणजे बाण मोजायचे असं करू नका. समजा कुणी उत्साहाने "चोडणची निवटी" असा नोड केला, त्यावरून निवटीकडे बाण काढला, आणि वर आणखी थेट मासा कडेही एक बाण काढला, खरंच आहे म्हणून. आता दोन्हीकडे एकेक बाणाचं अंतर, एकीकडून उत्तर जगते, दुसरीकडून जगत नाही. बाण मोजणारा प्रोग्रॅम गोंधळला. आणि तो बाण खोटा नाही, नुसता जास्तीचा आहे! डेव्हिड टूरेट्झकीने १९८६ च्या सुमाराला हे नीट सोडवलं: अंतर मोजू नका, निवटी ही चोडणची निवटी आणि मासा ह्यांच्या मध्ये येते का ते बघा, येते तर निवटीचं ऐका.

फोंडेकर_भाई
हे ठीक, एक दुसऱ्याच्या पोटात असेल तर. दोघं शेजारी असले तर? आमच्या ओळखीत एक कुटुंब आहे, जातीने खारवी (मच्छीमार समाज) आणि घरात माळकरी. खारवी मासे खातात. माळकरी मासे खात नाहीत. तुमचं जाळं काय सांगेल?

तर्कटराव
भाई, जिंकलात. अमेरिकेत ह्याचं नाव निक्सन डायमंड. निक्सन, अमेरिकेचा माजी अध्यक्ष, क्वेकर ह्या ख्रिस्ती पंथाचा, क्वेकर म्हणजे शांततावादी, निक्सन रिपब्लिकन, आणि रिपब्लिकन शांततावादी नसतात असं त्या उदाहरणात धरलेलं. दोन डिफॉल्ट भिडतात आणि कुणीच कुणाच्या पोटात नाही. ह्यावर दोन घराणी आहेत. एक म्हणतं वाद आहे ना मग गप्प बसा, काहीच निष्कर्ष काढू नका. दुसरं म्हणतं दोन्ही जगं शक्य आहेत, एक निवडून पुढे चला.

काणकोणची_सई
पण खऱ्या आयुष्यात आपण गप्प बसत नाही ना. भाईंच्या त्या घरी जेवायला जायचं असेल तर कुणीही मासे नेणार नाही, कारण माळ माणूस आपण होऊन घालतो, ते व्रत आहे, आणि खारवी तो जन्माने आहे. व्रत सवयीवर मात करतं हे आपल्याला ठाऊक असतं पण ते जाळ्यात कुठेच लिहिलेलं नाही. लिहायचं झालं तर ते बाणांबद्दलचं ज्ञान झालं, माशाबद्दलचं नव्हे. मला विचाराल तर हा सगळ्यात रंगतदार भाग आहे आणि नेमका हाच शिकवताना गाळतात.

विश्वगुरू_७७
एवढं कशाला, नासाने केव्हाच सांगितलंय की कॉम्प्युटरसाठी संस्कृत सर्वोत्तम भाषा आहे. आपल्याकडे सगळं होतं.

तर्कटराव
आलं का ते! मूळ लेख वाचा राव, वाचण्यासारखा आहे. रिक ब्रिग्ज, १९८५, एआय मॅगझिन. माणूस नासाच्या एम्स केंद्रात काम करत होता एवढाच नासाचा संबंध. संस्कृतमध्ये प्रोग्रॅम लिहा असं त्यात काहीही नाही. म्हणणं असं की आपले वैयाकरण वाक्याचा अर्थ उकलून मांडायचे ती रीत आणि सिमँटिक नेटचे त्रिकूट ह्यांत कमालीचं साम्य आहे.

त्यातलं उदाहरण मास्तरांच्या कामाचं आहे. मैत्र स्नेहापोटी देवदत्तासाठी भांड्यात अग्नीवर भात शिजवतो. आता हे "मैत्र → शिजवतो → भात" असं काढलंत तर देवदत्त कुठे ठेवणार, भांडं कुठे? बाणाला दोनच टोकं असतात. म्हणून शिजवणं हाच मधला नोड करायचा आणि त्यातून बाण सोडायचे, कर्ता मैत्र, कर्म भात, संप्रदान देवदत्त, करण अग्नी, अधिकरण भांडं, हेतू स्नेह. शाळेत घोकलेली कारकं इथे अशी उपयोगी पडतात. विश्वगुरू, अभिमान बाळगायचा तर पाणिनीच्या ह्या कारकविचाराचा बाळगा, फॉरवर्डचा नको.

विश्वगुरू_७७
ठीक आहे, वाचतो. लिंक मिळेल का?

फोंडेकर_भाई
माझा दुसरा प्रश्न, ठिकाणांचा. सलीम अली अभयारण्य चोडणला, चोडण तिसवाडीत, तिसवाडी उत्तर गोव्यात, म्हणजे अभयारण्य उत्तर गोव्यात. हे आपोआप निघेल ना? मग आमच्या फोंड्याचं सांगा. फोंडा तालुका आधी उत्तर गोव्यात होता, २०१५ मध्ये दक्षिणेत घातला. २०११ च्या जनगणनेत उत्तरेत, आजच्या कागदांवर दक्षिणेत. दोन्ही खरंच आहे. धारबांदोडा तर २०११ च्या आधी तालुकाच नव्हता. आता कुठला बाण खोडायचा?

काणकोणची_सई
खोडायचा कुठलाच नाही भाई! बाणाला तारीख अडकवायची. (फोंडा, स्थित, उत्तर गोवा, २०१५ पर्यंत) आणि (फोंडा, स्थित, दक्षिण गोवा, २०१५ पासून). विकिडेटात ह्याला क्वालिफायर म्हणतात, प्रत्येक विधानाला सुरुवात-शेवट लावता येतो. साध्या आरडीएफमध्ये (वेबवर माहिती त्रिकुटांनी लिहायची ठरलेली पद्धत) त्रिकूटच असतं, चौथी जागा नाही, मग पुन्हा वरच्या भातासारखं मधे एक नोड घालावा लागतो. आणि "स्थित" वरून चढताना तारखा जुळतात का बघणं हे पुन्हा नियमात आलं, बाणात नाही. मांगेशीचं देऊळ प्रियोळला, प्रियोळ फोंडा तालुक्यात, मग देऊळ कुठल्या जिल्ह्यात? कुठल्या सालचं विचारताय त्यावर.

एक धोका. "स्थित" ला वर चढणं चालतं म्हणून "भाग" लाही सरसकट चालेल असं समजू नका. पखवाजवाल्याचा हात त्याच्या शरीराचा भाग. पखवाजवाला भजनी मंडळाचा भाग. हात भजनी मंडळाचा भाग? नाही. विन्स्टन आणि मंडळींनी १९८७ मध्ये ह्या "भाग" चेच सहा प्रकार दाखवलेत, अवयव वेगळा, सभासद वेगळा, प्रदेशाचा तुकडा वेगळा, असं. सरमिसळ केली की चढणं मोडतं.

निवटी_ओहोटी
फक्त वाचत होतो पण राहवलं नाही. "कुठलाही", "किंवा", "नाही" हे बाणांनी कसं दाखवता? प्रत्येक पोराने एकेक पुस्तक वाचलं, ह्यात पुस्तक एकच की वेगवेगळं? आज बाजारात इसवण किंवा मोरी असेल, हा "किंवा" कुठल्या गोलात बसवू?

तर्कटराव
नाही बसत. साध्या जाळ्याची ताकद तिथे संपते. हेंड्रिक्सने १९७५ मध्ये जाळ्याचे कप्पे पाडून "प्रत्येक" आणि "काही" आत-बाहेर ठेवले, जॉन सोवाने कन्सेप्च्युअल ग्राफ आणले, पण एकदा एवढं सगळं आणलं की ते प्रेडिकेट लॉजिकच ("प्रत्येक", "काही", "किंवा", "नाही" असलेलं गणिती तर्कशास्त्र) होतं, चित्राच्या वेषात. आणि मग वेगाचा प्रश्न येतो. ब्रॅकमन आणि लेव्हेक ह्यांनी १९८४ ला दाखवलं की भाषेत थोडीशी जास्त ताकद घातली की हा वर्ग त्या वर्गाच्या पोटात आहे का एवढं ठरवणंही भयंकर महाग पडतं. ब्रॅकमनच्याच केएल-वन ह्या सिस्टिममध्ये तर ते कुठल्याच प्रोग्रॅमने दर वेळी ठरवता येत नाही असं १९८९ ला सिद्ध झालं. म्हणून आजच्या डिस्क्रिप्शन लॉजिकवाल्या भाषा (वर्गांची वर्णनं लिहून त्यांवर तर्क करायच्या), वेबसाठीची ओडब्ल्यूएल वगैरे, मुद्दाम हात आखडता घेतात.

"नाही" बद्दल आणखी एक गंमत. प्रोलॉग ह्या तर्कावर चालणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत जे सापडलं नाही ते खोटं. ओडब्ल्यूएलमध्ये जे सापडलं नाही ते माहीत नाही. पोरांना दोन्हीत एकच प्रश्न विचारायला लावा, मोरी अंडी घालते का, काहीच न लिहिता. एक सरळ नाही म्हणेल, दुसरं हात वर करेल. (मोऱ्यांच्या बऱ्याच जाती पिल्लं देतात, ते वेगळंच.)

रापणकार
हे सगळं एआयला विचारलं की दोन सेकंदात सांगतो. उगाच डोकेफोड.

मडगांवची_मंदा
सांगतो, आणि कधीकधी छातीठोकपणे चुकीचं सांगतो, आणि कुठून आणलं ते दाखवता येत नाही. जाळ्यात उत्तर आलं कुठल्या बाणांवरून ते बोट ठेवून दाखवता येतं. गुगलने २०१२ मध्ये नॉलेज ग्राफ आणला तो काय हौस म्हणून? आणि जवळचं बघायचं तर कोंकणी वर्डनेट आपल्या गोवा विद्यापीठात झालंय, मराठीचं मुंबई आयआयटीत, दोन्ही इंडोवर्डनेटचा, म्हणजे भारतीय भाषांच्या एकत्र जोडलेल्या वर्डनेटचा भाग. शब्दांच्या मागच्या संकल्पना बाणांनी जोडलेल्या, तेच क्विलियनचं जाळं पण हाताने निगुतीने भरलेलं. मास्तर, पोरांना ते उघडून मासा शब्दावरून वर चढायला लावा, शिकतील.

डिचोलीचा_मास्तर
देव बरें करूं सगळ्यांना, एवढं येईल वाटलं नव्हतं. असं ठरवलंय: फळ्यावर चित्र एकदाच, मग लगेच पायथनमध्ये त्रिकुटांची साधी यादी आणि वर चढायचं फंक्शन पोरांकडूनच लिहून घ्यायचं, लायब्ररी वगैरे काही नाही, मग निवटी घालून ते मोडायचं, मग भाईंचा माळकरी घालून पुन्हा मोडायचं. फोंडा शेवटी. डिस्क्रिप्शन लॉजिक गाळतो, बारावीच्या पोरांना झेपणार नाही. शेवटच्या तासाला मासेमारी बंदी घ्यायचा विचार आहे, १ जून ते ३१ जुलै. (मासेमारी, स्थिती, बंद) आणि त्याला तारखा. बरोबर ना?

रापणकार
नाही मास्तर. बंदी ट्रॉलरला, आमच्या रापणीला (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला) नाही. बाण मासेमारीला लावलात तर तुमचं मशीन जूनमध्ये आमच्या किनाऱ्यावर एकही बांगडा नाही म्हणेल. ट्रॉलरवर लावा.

काणकोणची_सई
बघा, डोकेफोड म्हणणाऱ्यानेच मॉडेल सुधारलं 😀 बरोबर आहे त्यांचं. मासेमारीच्या पोटात ट्रॉलरची आणि पारंपरिक असे दोन वर्ग करा, बंदी पहिल्यावर, तारखांसकट. वरच्या नोडला काहीच चिकटवू नका.